दंड माफ

गाडी भरधाव चालवल्याचं चलन टपालातून रखडत रखडत चार महिन्यांनी घरी आलं, आणि तिच्या नवऱ्याचं डोकंच फिरलं. "मी आणि शंभरने? शक्यच नाही! सोडत नाही यांना."

तिने तारीख पाहिली. तिच्या बाबांच्या छातीत कळ आली, तोच दिवस. मागच्या सीटवर बाबांचं डोकं मांडीवर घेऊन ती ओरडत होती, "अहो, जोरात घ्या ना!" आणि नवरा पुढून म्हणत होता, "घेतोय गं! याहून जास्त पळत नाही गाडी." हॉस्पिटलच्या दारातच बाबा गेले.

"भरून टाका ना दंड," ती हळूच म्हणाली. "बाबांसाठीच पळवलीत ना तुम्ही." तो कागद तिला जपून ठेवायचा होता.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," म्हणत तो गाडीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन तावातावाने ट्रॅफिक पोलिसांच्या ऑफिसात गेला. संध्याकाळी परतला तो छाती फुगवूनच.

"यंत्र बिघडलं होतं त्यांचं! साहेबाच्या तोंडावर सिद्ध केलं मी. एवढा मोकळा रस्ता, पण आपला काटा चाळीसच्या वर गेलाच नव्हता!"