दुमडलेलं टोक

“हा चोर होता की नर्स?” हवालदारबाई म्हणाल्या. “मागून डोक्यात इस्त्री घालतो, साबण लावून बांगड्या उतरवतो, आणि जाता जाता पट्टी बांधून जातो!”

दवाखान्यातल्या खाटेवर पडलेली शिलाईवाली मावशी हसायला गेली. हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात उमटलं. तिचा डावा हात चादरीवर पडून होता. दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवावा तसा. शिवणकामाचा हात!

टकळी शेजारच्या स्टुलावर बसली होती. शाळेचा गणवेश, केस मोकळे, मुठीत रिबिनी. तोंड कायम चालू म्हणून टकळी हे नाव मावशीनेच ठेवलेलं, आणि वेण्याही रोज मावशीच घालायची. आज ती वेण्यांसाठी गेली तर दार नुसतं लोटलेलं, कपाट सताड उघडं, आणि मावशी शिलाई मशीनच्या पायाशी आडवी. तेव्हापासून टकळीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

डॉक्टरांनी मावशीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. हात उचलायला सांगितला. उजवा उचलला गेला.

“पट्टी उघडा. टाके घालतो, मग डोक्याचा फोटो काढायला पाठवू. ड्रेसर कुठेय?”

ड्रेसर आला. मलमपट्टी करणारा, म्हणजे टकळीचा सख्खा दादा. हातात ट्रे, डोळे तांबारलेले. त्याच्या हातात फोन नाही म्हटल्यावर टकळीला क्षणभर तो ओळखूच येईना. त्या फोनमध्ये जुगाराचं एक चक्र गरगरायचं. त्या चक्राने दादाची स्कूटर खाल्ली, टकळीची सायकल खाल्ली, आईच्या कानातलं खाल्लं, तरी त्याचं पोट भरेना. “एकदा फक्त लागू दे गं,” दादा म्हणायचा. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मावशी तेवढी त्याला पाठीशी घालायची.

“आला माझा डॉक्टर,” मावशी म्हणाली. “हळू हं. तुझ्या हाताने दुखत नाही मला.”

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. नजर खिडकीबाहेर ठेवून त्याने हात तेवढा तिच्या डोक्यामागे घातला.

आता चिकटपट्टीचं टोक शोधायचं म्हणजे माणूस चाचपतो, बोटं फिरवतो, नखाने खरवडतो. दादाची बोटं कुठेच फिरली नाहीत. केसांच्या गुंत्यातून, मानेच्या जरा वर, थेट टोकावर. आणि टोक दुमडलेलं होतं. इवलंसं, नखाएवढं. चिमटीत धरून ओढलं की पट्टी अलगद सुटावी, पेशंटला त्रास होऊ नये, म्हणून.

असं टोक दुमडणारा माणूस टकळीला एकच माहीत होता. तिचे गुडघे काय कमी वेळा फुटले होते? आणि त्याला ही सवय लावली होती मावशीने. तो मशीनखाली चिंध्यांत खेळायचा तेव्हा ती वरून म्हणायची, “कड उघडी सोडू नये रे राजा, दुमडून घ्यावी.”

टकळीच्या रिबिनी मुठीत ओल्या झाल्या. तिने दादाकडे पाहिलं. दादा अजून खिडकीकडेच बघत होता.

डॉक्टरांनी टाके घातले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. दादाने नवा कापूस ठेवला, नवी पट्टी गुंडाळली, वर चिकटपट्टी लावली. टोकापाशी येऊन त्याचा अंगठा थांबला. त्याने हवालदारबाईंकडे एक चोरटी नजर टाकली. त्या खाली मान घालून लिहीत होत्या. मग दादाने टोक अंगठ्याने दाबून दाबून सपाट चिकटवून टाकलं.

मावशीचा उजवा हात हळूहळू डोक्यामागे गेला. तिने तिथे चाचपून पाहिलं.

“टोक नाही दुमडलंस रे?” ती अगदी हळू म्हणाली. “पहाटे तर दुमडलं होतंस.”

दादाच्या हातातला ट्रे खडखडला.

हवालदारबाईंनी मान वर केली. “काही आठवलं का, मावशी? चेहरा? आवाज?”

“नाही हो बाई. मागून आला. मला काय दिसणार?”

“बरं. पुन्हा येईन मी.” हवालदारबाई उठल्या, दाराकडे निघाल्या.

दादाचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. “मावशी, मी...” एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या खिशात फोन वाजला. तीच ती चक्राची धून. या, खेळा, आज तुमचाच दिवस! त्याच्या डोळ्यांत पाणी तसंच होतं, आणि हात मात्र आपसूक खिशाकडे गेला.

टकळी त्या हाताकडे बघत राहिली.

“मॅडम, थांबा जरा,” ती म्हणाली. सकाळपासूनचे तिचे ते पहिले शब्द.

हवालदारबाई दारात वळल्या. टकळीने मावशीच्या मानेमागे हात घातला, नखाने पट्टीचं टोक सोडवलं आणि दुमडलं. नीट, दादाने शिकवलं होतं तसं. “हे बघा. चोराच्या पट्टीचं टोकही असंच...”

मावशीने उजव्या हाताने तिचं मनगट गच्च धरलं. डाव्या हातानेही धरायला गेली. तो चादरीवरून हललाच नाही.