उष्टी हळद

१९७१च्या मार्गशीर्षात, हौसाचं लग्न तोंडावर आलं असताना तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, रंगरावाची, तार आली. लढाई पेटली होती. सगळ्या पलटणीच्या रजा रद्द झाल्या होत्या.

रंगरावाची आत्या मांडवात येऊन म्हणाली, "पोरीचा पायगुणच वंगाळ. सोयरीक मोडलेली बरी."

आधी नवऱ्याला हळद लागते, मग त्याची उष्टी हळद नवरीला येते. नवराच नाही म्हटल्यावर हौसाचे वडील मांडवाचे दोर सोडू लागले.

हौसानं सगळ्यांदेखत स्वतःच्या गालांना हळद फासली आणि उरलेली डबीत भरून आत्यापुढं धरली. "रजा सरकारनं मोडली, सोयरीक मी मोडणार न्हाई. माझी उष्टी हळद त्यांना धाडा."

"असं कुठं असतं का गं?"

"आजपास्नं असतंय, आत्याबाई."

वडिलांनी दोर पुन्हा आवळले.

फाल्गुनात रंगराव लंगडत आला आणि तीच हळद लावून बोहल्यावर चढला. आत्या शेवटपर्यंत हौसाच्याच हातचं जेवली.

गेल्या वर्षी रंगराव गेला. हळदीकुंकू पुसायला आलेल्या बायकांना हौसाबाई दारातच म्हणाली, "माझी हळद त्यांच्याकडनं आली नव्हती. मीच लावली हुती. ऱ्हाऊ द्या."