फुटाणे
विट्याचा हा दिवसातला चौथा दवाखाना. डॉक्टर मेघना खरमाटे गावोगावी जाऊन पेशंटच्या जबड्यात इम्प्लांटचे स्क्रू बसवायची. काही महिन्यांनी त्यावर दात लावायचे ते तिथलेच डॉक्टर. अकरा वर्षांत एकाही पेशंटला खाताना तिनं पाहिलं नव्हतं. आज पाठ भरून आली होती. पुरे हे फिरणं, असं वाटत होतं.

उजव्या दाढेसाठी आलेले बापू शिणगारे खुर्चीत बसत म्हणाले, “डावीकडची तुमीच बसवल्याली, मॅडम.”

तिला चेहरा आठवेना. “खाता येतं?” तिनं विचारलं.

“काय इचारताय!” बापूंनी खिशातून फुटाणे काढले आणि डाव्या दाढेखाली कुडुमकुडुम फोडले.

इंजेक्शन भरून तयार होतं, नर्स खोळंबली होती. “अजून थोडे खा,” म्हणत मेघना स्टूल ओढून बसली आणि ऐकत राहिली.