पिसाऱ्यापुरते निळे मणी

संतोषशेठच्या जिभेला हाड नव्हतं, हे मालनबाईंचं ठाम मत होतं.

डॉलर चढला की रविवार कारंज्यावरच्या त्याच्या दुकानात जपानी मण्यांचा भाव त्याच दिवशी चढायचा. डॉलर उतरला की शेठ हात पसरून म्हणायचा, "काय करू मावशी, माल जुना आहे, चढ्या भावाचा." भाव चढताना नवा असलेला माल उतरताना जुना कसा होतो, हे तिसरीत शाळा सोडलेल्या मालनबाईंना कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, सहन होत नव्हतं.

"आज परत वाढवला?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"मी कुठे वाढवतोय? डॉलर वाढतोय."

"मग आमच्या द्राक्षाला का नाय वाढत? ती बी परदेशालाच जात्यात. तिथं व्यापारी म्हणतो, मागणी नाय. डॉलर काय फक्त तुमच्याच दुकानात जेवायला येतो व्हय?"

गल्ल्यापाशी उभी असलेली रेहाना खुदकन हसली. ती मणीकाम केलेले ब्लाऊज शिवून द्यायची. दर खेपेला शेठचं हेच पुराण तिलाही ऐकावं लागे.

मालनबाईंसोबत आलेल्या नातीला, वेदिकाला, मात्र हसू आलं नाही. थोरल्या बहिणीचं, पायलचं, लग्न अक्षय्य तृतीयेला धरलं होतं आणि रुखवतात मांडायला ती मण्यांचा मोर करत होती. चांगला कमरेएवढा उंच. कॉलेजातून आलं की मणी ओवत बसायचा तिला नादच होता. मान झाली, तुरा झाला, पाय झाले. पिसारा तेवढा राहिला. त्याचा निळा मणी जपानचाच लागायचा. इथला मणी शेजारी लावून पाहिला तर धुऊन विटलेल्या साडीसारखा दिसला. आणि जपानचा मणी मुंबईच्या बंदरात डॉलर मोजूनच उतरायचा.

"लांडोर म्हणून मांडू," असं तिचे वडील गमतीनं म्हणाले, तर पोर ताटावरून उठून गेली. नवऱ्याकडच्या बाया रुखवत कशा बघतात, हे तिलाही ठाऊक होतं. तेव्हा मालनबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पिसारा लागंल. मी हाय ना."

म्हणून आज नाशकात द्राक्षाचे क्रेट उतरले, तसा त्यांनी रिकामा टेम्पो इकडे वळवायला लावला. धाकटी सून हर्षाली टेम्पोतच बसून राहिली. "तू उतरू नको," त्यांनी तिला बजावलं होतं, "तुझं तोंड बघितलं की शेठचा भाव बदलतो."

शेठनं काउंटरवर दोन पुड्या टाकल्या.

"ह्यात मोराचा एक डोळा व्हईल," मालनबाई म्हणाल्या. "पिसाऱ्यापुरता माल हाय का?"

"परवडणार नाही तुम्हाला."

"ते तुमी नका बघू. हाय का नाय, ते बोला. का नुसतं पाटीवरच जपान लिवलंय?"

शेठला ते लागलं. "आहे. पण घेणार असाल तरच काढतो. भाव आजचा. एक पैसा कमी होणार नाही."

"आजचा तर आजचा."

"आजी," वेदिकानं त्यांचा पदर ओढला. "नको ना. एका मोरापायी एवढं नको. मी करते काहीतरी दुसरं."

"गप उभी राहा."

शेठ आत गेला आणि एक खोकं छातीशी धरून आला. चिकटपट्टी अजून तशीच होती. ते ठेवता ठेवता तो मेहेरबानी केल्यासारखा म्हणाला, "खरं तर हा दुसऱ्या पार्टीचा माल. दिवाळीत सौदा झाला, विसारही दिला होता त्यांनी. तेव्हा डॉलर खाली होता. आता त्या भावानं कसा देऊ? सांगून टाकलं, माल बंदरातच अडकलाय."

"मंग पार्टी काय म्हणली?"

"काय म्हणणार? बसलीय वाट बघत. कंटाळून सोडून देईल."

"विसार घेतल्यावर बी?" मालनबाईंच्या कपाळावर आठी आली. "आमच्या निफाडात विसार घेतला की बाग दुसऱ्याला दाखवत बी नाय."

"ते तुमच्या बागेत चालतं, मावशी. इथे डॉलर चालतो."

"आसं व्हय." त्या रेहानाकडे वळल्या. "ऐकलंस का गं बाई? इथली रीतच न्यारी."

"ऐकलं की, मावशी," रेहाना म्हणाली. "सगळं ऐकलं."

"फोडा मग खोकं. मला रंग बघायचाय."

शेठनं पट्टी कापली. आतल्या पिशव्यांवर उजेड पडला आणि काउंटर निळाजांभळा होऊन गेला. वेदिकाचा हात आपोआप पुढे झाला, आणि तिनंच तो मागे घेतला.

"झकास हाय," मालनबाई म्हणाल्या. "आला कवा म्हणायचा हा?"

"शिमग्याच्या आधीच."

मालनबाईंनी दारात जाऊन टेम्पोकडे हात केला. हर्षाली उतरली, पायऱ्या चढून आत आली आणि सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला बघताच शेठचा हात खोक्यावर होता तिथेच राहिला.

"वळखलंत ना शेठ? हीच तुमची पार्टी. माझी धाकटी सून. दिवाळीत माझ्याच सांगण्यावरनं तुमच्या हातावर विसार ठेवून गेली हुती. आता ठरल्या भावानं खोकं बांधा. आन् उगा डॉलरला नावं ठेवू नका. त्यो बिचारा वर जातो, खाली येतो, पण तुमच्यासारखं खोटं बोलत नाय."