दाराखालची फट

नवा सरकारी नियम आला: एसी असलेल्या खोलीच्या दाराखाली फट नको, रबरी पट्टी लावा, वीज वाचवा. मला तर आनंदच झाला. आमच्या तीन वर्षांच्या चिमणीच्या खोलीत सारख्या मुंग्या निघायच्या, आणि त्या याच फटीतून येत असणार असा मला दाट संशय होता.

पण सासरे हटून बसले. ज्यांची अख्खी नोकरी बांधकाम खात्यात लोकांना नियम दाखवण्यात गेली, ते गरजले, "माझ्या घरातल्या फटी आता सरकार मोजणार? पट्टी लावायची की नाही, ते मी ठरवेन!"

"अहो बाबा, उद्या तपासणीला माणूस येतोय."

"येऊ दे! व्यक्तिस्वातंत्र्य नावाची काही चीज आहे की नाही?"

सासूबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हा शब्द यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतेय हो मी."

रोज दुपारी चिमणीला झोपवलं की मी दार ओढून बाहेर येते. आज मात्र आतच थांबले आणि पट्टी चिकटवायला गुपचूप दारापाशी पालथी पडले. तेवढ्यात फटीतून एक क्रीमचं बिस्कीट सरकत सरकत आत आलं. पाठोपाठ बाबांची कुजबुज, "चिमणे, घे पटकन! आई गेली ना गं?"

मी पट्टी बाजूला ठेवली आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हटलं, "आजोबा, अजून एक!"