मंडईतले प्रमुख पाहुणे

केयूर खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यावर पीएचडी करत होता. 'सोंगाड्याचा उत्स्फूर्त विनोद' हे त्याचं तिसरं प्रकरण दीड वर्षापासून त्याचे मार्गदर्शक कृष्णकांत सरांच्या टेबलावर पडून होतं. आठवण करून द्यायची सोय नव्हती. सरांना घाई केली की प्रकरण आणखी सहा महिने मुरतं, हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. मग दिवाळी झाल्यावर त्यानं सरांनाच कन्हानकडच्या एका गावी, मंडईच्या जत्रेतल्या गंमतीला प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. गंमतीत पाहुण्याची टर उडवायची रीत असते, आणि पाहुण्यानं रागवायचं नाही, हीही रीतच.

खेळाआधी सोंगाड्या रुपरावानं केयूरला बाजूला घेतलं. "तुह्या सरचं काही सांग ना गा, रंग भराले पाहिजे."

केयूरनं थोडे आढेवेढे घेतले आणि मग सगळं सांगून टाकलं.

खेळ रंगात आल्यावर रुपराव सरांपुढे येऊन उभा राहिला. "काहून जी सर, पोराचं लिहेलं दीड वर्सापासून बुडाखाली घेऊन बसले! उबवून राहिले का? पिल्लू कधी निघन?"

अख्खी मंडई लोटपोट झाली. सरही हसले, जरा उशिरा.

सोमवारी सकाळीच प्रकरण तपासून परत आलं. केयूरनं पानं उलटली. कुठेही खाडाखोड नव्हती. शेवटच्या पानावर, सहीच्या रिकाम्या जागेशेजारी, लाल शाईत एवढंच लिहिलं होतं:

"मंडईतला विनोद उदाहरण म्हणून जरूर घ्यावा. सोंगाड्याला माहिती पुरवणाऱ्याचं नाव तळटीपेत द्यावं. तळटीप पाहून सही करीन."