आतून कडी

स्वयंपाकघरात म्हातारा आस्मुंड घसरून पडला. खुब्यात बसवलेल्या धातूच्या सांध्याखाली मांडीचं हाड मोडलं, ते त्याच्या बायकोला, तुरुनलाही ऐकू आलं.

"हलवू नका. बोडोहून रुग्णवाहिकेची बोट निघालीय," फोनवरची नर्स म्हणाली.

तुरुनने त्याच्यावर घरातली सगळी पांघरुणं घातली, तरी तो कुडकुडतच होता. शेवटी तीच त्याला बिलगून जमिनीवर आडवी झाली.

"अगं, तुझे गुडघे..."

"असू देत. गप पड."

त्याचं कण्हणं जरा कमी झालं. मग दारावर थाप पडली. तुरुनने टेबलाचा पाय धरून जोर लावला. तिला उठता येईना.

"कडी काढलीयस ना?" आस्मुंडने विचारलं.

"मीच लावली. वाऱ्याने दार उघडत होतं, तुला गारठा लागत होता."